मेमरी नाकारली तर?

(विज्ञान आणि भाषा या विषयावर इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘संगणक आणि मराठी’ असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर अधिकाराने बोलणारी माणसे वेगळी आहेत. मी त्यातला बोटभर तुकडा घेणार आहे. एखाद्या आज्ञावलीने देवनागरीतले एक नाव साठवण्यासाठी संगणकाकडे जागा मागितली आणि ती मिळाली नाही, तर पुढे काय होते? आणि जे होते ते बरोबर की चूक, हे आधीच तपासून कसे पाहायचे? ऐकायला रुक्ष वाटेल, पण या तुकड्यापायी एका बाईचे दुधाचे पैसे अडकलेले मी पाहिले आहेत. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

मी त्या काळात दूध संकलन केंद्रांसाठी छोटी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही. चूक माझ्यासकट सगळ्यांची होती. रोज सकाळी केंद्रावरच्या यंत्रात मुख्य कार्यालयाकडून सभासदांची यादी उतरायची. दूध घालणाऱ्याने क्रमांक सांगायचा, दूध मोजायचे, फॅट लावायची, की पावती बाहेर. पावतीवर क्रमांक, नाव, लिटर आणि फॅट. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी कार्यालयात परत जायच्या आणि दर दहा दिवसांनी हिशोब व्हायचा.

इथून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात सभासद वाढत गेले आणि एके दिवशी काही पावत्यांवर नाव उमटेनासे झाले. क्रमांक बरोबर, लिटर बरोबर, नावाची जागा कोरी. कार्यालयातला संगणक क्रमांक आणि नाव दोन्ही जुळवून पाहत असे. नाव कोरे असलेली नोंद तो बाजूला टाकायचा. मी केंद्रावर गेलो तेव्हा एक म्हातारी बाई अशा पावत्यांची चळत रुमालात बांधून बसली होती. लागोपाठ दोन हिशोबांचे पैसे तिला मिळाले नव्हते. पावती आहे, दूध घातले आहे, मग माझे नाव कुणी पुसले, एवढाच तिचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

कंपनीतून उपाय मात्र तत्काळ आला : नावे इंग्रजी अक्षरांत भरा. शेजारच्या गावात यादी रोमन लिपीत भरलेली होती. यंत्र तेच, सभासद जवळजवळ तितकेच आणि तक्रार एकही नाही. पुरावा डोळ्यांसमोर होता. देवनागरी या यंत्राला झेपत नाही, असे बैठकीत ठरूनही गेले. मला ते पटत नव्हते, पण खोडूनही काढता येत नव्हते. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी हेच वाक्य ऐकले असेल, म्हणून दोष कुठे होता ते जरा तपशिलात सांगतो.

ती यादी यंत्रात यायची ती बायनरी रूपात. म्हणजे माणसाने डोळ्यांनी वाचावी अशी नव्हे, तर बाइटांची एक सलग माळ. अशी माळ ओवण्याच्या आणि उलगडण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत. आम्ही वापरत होतो तिचे नाव सीबोर, म्हणजे कन्साइज बायनरी ऑब्जेक्ट रिप्रेझेंटेशन. तिचे नियम प्रथम 2013 मध्ये आरएफसी 7049 म्हणून आणि सुधारून 2020 मध्ये आरएफसी 8949 म्हणून प्रसिद्ध झाले. लहान यंत्रांसाठी ती फार सोयीची आहे, कारण प्रत्येक गोष्टीच्या पुढे तिचा प्रकार आणि लांबी मोजक्या जागेत लिहिलेली असते. पहिल्या बाइटाचे वरचे तीन बिट प्रकार सांगतात. उरलेले पाच बिट 23 पर्यंतची संख्या थेट सांगतात आणि संख्या त्याहून मोठी असेल तर ती पुढच्या बाइटांत लिहिली आहे एवढे सुचवतात.

‘मराठी’ हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशोबात त्यात पाच संकेतांक आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो, म्हणून 15 बाइट झाले. सीबोरमध्ये मजकूर या प्रकाराचा आरंभ 96 पासून होतो. त्यात 15 मिळवले की पहिला बाइट 111. म्हणजे आपली मायबोली एकूण 16 बाइटांत मावली. ‘लक्ष्मीबाई’ या नावात दहा संकेतांक आहेत, म्हणजे 30 बाइट. 23 ची मर्यादा ओलांडली, म्हणून पहिला बाइट 120, दुसरा 30 आणि मग नाव, असे 32 बाइट. तेच नाव रोमन लिपीत आठ अक्षरांत लिहिले तर नऊ बाइटांत काम भागते. देवनागरी जास्त जागा घेते हे खरेच आहे, ते नाकारून चालणार नाही. त्यात देवनागरीचा गुन्हा काही नाही, एवढेच माझे म्हणणे.

ही माळ उलगडून नावे, आकडे वेगवेगळे करून देणाऱ्या आज्ञावलीला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. तिच्यात पुस्तके नसतात. इतरांनी वापरावी अशी तयार कामे असतात. आमची लायब्ररी कंपनीतच लिहिलेली होती. उलगडताना तिला प्रत्येक गोष्टीसाठी मेमरीत जागा लागते आणि ती मागून घ्यावी लागते. परिभाषेत याला ‘स्मृतिवाटप’ म्हणतात. वाटप हा शब्द ऐकला की देणाऱ्याचा हात दिसतो. मला ‘मागणी’ हा शब्द बरा वाटतो, कारण मागणी म्हटले की तिला नकारही येऊ शकतो हे लक्षात राहते.

मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक डोळ्यांपुढे आणा. वऱ्हाडी येतात, तो खोल्यांच्या किल्ल्या देतो. जाताना किल्ली परत करायची. किल्ली न देता वऱ्हाड निघून गेले तर ती खोली पुढच्या लग्नाला नाही. अशी एकेक खोली अडकत गेली की कार्यालय रिकामे असूनही भरलेले ठरते. मेमरीची गळती म्हणतात ती हीच. किल्ली परत करूनही त्याच खोलीत झोपायला गेलात, तर तिथे दुसऱ्याचे सामान असेल. आणि एकच किल्ली दोनदा परत केल्याची नोंद झाली, तर व्यवस्थापक ती एक खोली दोन वऱ्हाडांना देऊन बसेल. चौथा प्रसंग सर्वांत साधा : खोली शिल्लक नाही. तेव्हा व्यवस्थापक ‘नाही’ म्हणतो. आता पाहुण्याने काय करायचे?

आमच्या यंत्रात खोल्या तीन मापांच्या होत्या : 16, 32 आणि 64 बाइटांच्या. लहान यंत्रांत अशी ठरावीक मापांची वाटणी नेहमीच करतात. रोमन लिपीतले बहुतेक नाव-आडनाव 16 च्या खोलीत बसत असे. देवनागरीतले नाव-आडनाव 32 च्याही पुढे जाई, म्हणून त्याला 64 ची खोली लागे. त्या खोल्या थोड्या होत्या आणि सभासद वाढल्यावर त्या संपल्या. इथपर्यंत चूक कोणाचीच नाही. कार्यालय भरते कधी कधी.

चूक यानंतरची आहे. ‘जागा नाही’ हे उत्तर आले तेव्हा आमच्या लायब्ररीने नावाची लांबी शून्य लिहिली, पुढचा आकडा वाचायला घेतला आणि शेवटी यंत्राला कळवले की यादी व्यवस्थित उतरली. यंत्राने विश्वास ठेवला. कोरे नाव छापले.

आम्ही चाचण्या केल्या नव्हत्या असे नाही. शेकडो केल्या होत्या. पण त्या चालायच्या आमच्या टेबलावरच्या मोठ्या संगणकांवर, आणि तिथे ‘नाही’ हे उत्तर जवळजवळ कधीच येत नाही. लिनक्ससारखी प्रणाली तर तिच्या नेहमीच्या मांडणीत असलेल्यापेक्षा जास्त जागेचे वचन देऊन टाकते. मागणाऱ्याने ती जागा खरोखर वापरायला घेतली आणि तोवर मेमरी संपली असेल, तर ती एखाद्या चालू आज्ञावलीचा गळाच धरते. तिथे नकाराची ओळ लिहिलेली असते, पण ती कधी चालत नाही. आमच्या नकाराच्या ओळी लिहिल्यापासून एकदाही चालल्या नव्हत्या. पहिल्यांदा चालल्या त्या त्या गावात.

मग उपाय एकच उरतो : नकार आपणच घडवून आणायचा. हा शोध माझा नाही. एसक्यूलाइट ही डेटाबेसची आज्ञावली तुमच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. तिचे कर्ते ही चाचणी अनेक वर्षे करत आले आहेत आणि पद्धत त्यांनी जाहीर लिहूनही ठेवली आहे. खऱ्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत आपला माणूस बसवायचा. तो किल्ल्या देतो, पण मोजतो. पहिल्या फेरीत त्याने पहिलीच मागणी नाकारायची. दुसऱ्या फेरीत पहिली मान्य, दुसरी नाकारायची. मग तिसरी, चौथी, असे करत करत सगळे काम एकही नकार न मिळता पार पडेपर्यंत. हे सगळे दोन तऱ्हांनी करायचे : एकदा फक्त तेवढी एक मागणी नाकारून, आणि एकदा त्या मागणीपासून पुढची प्रत्येक मागणी नाकारून. दुसरी तऱ्हा कशाला, असे मलाही वाटले होते. पुढे कळले.

सीबोरसाठी लिबसीबोर नावाची एक खुली लायब्ररी आहे. छोट्या सुरक्षा किल्लीने पासवर्डाशिवाय लॉगिन करण्याच्या कामात, लिबफिडो2 मार्फत, ती वापरली जाते. तिच्यात मेमरी मागण्याची, वाढवून घेण्याची आणि परत करण्याची कामे बाहेरून बदलून देता येतात. तिच्या चाचण्यांत आधीच यादी लिहून ठेवलेली असते : पहिली मागणी मान्य, दुसरी मान्य, तिसरी नामंजूर. लायब्ररीने त्याच क्रमाने मागण्या केल्या की नाही, हेही त्यात तपासले जाते. ते वाचून मी आमच्या लायब्ररीसाठी तसाच एक खोटा व्यवस्थापक लिहिला.

एक सभासद उलगडायला आमच्या लायब्ररीला सात मागण्या लागत होत्या. नोंदीची चौकट, तिच्यातले चार कप्पे, क्रमांक, नावाची चौकट, नावाचा मजकूर, लिटर, फॅट. सात फेऱ्या म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत होणारे काम. प्रत्येक फेरीनंतर चार गोष्टी पाहायच्या ठरवल्या. आज्ञावली कोसळली का? तिने ‘जागा मिळाली नाही’ असेच कारण सांगितले, की ‘माहिती बिघडलेली आहे’ असे भलतेच? दिलेल्या सगळ्या किल्ल्या परत आल्या का? आणि अर्धवट तयार झालेली नोंद मागणाऱ्याच्या हातात पडली का?

पाचव्या फेरीत उत्तर आले : सर्व ठीक, नाव कोरे. म्हातारीच्या रुमालातली पावती माझ्या पडद्यावर होती.

मग मी तीच चाचणी रोमन नावाने चालवली. पाचव्या मागणीला नकार, नाव कोरे. अगदी तेच. बैठकीत मला इतके दिवस जे सिद्ध करता येत नव्हते ते या एका ओळीत झाले. शेजारच्या गावाला तो आजार नव्हता असे नाही. तिथल्या खोल्या अजून संपल्या नव्हत्या एवढेच.

दुरुस्ती सोपी वाटली आणि मी ती चुकवली. पाचव्या मागणीला नकार आला की नोंद मोडून टाकायची आणि त्रुटी कळवायची, असे लिहिले. आता तिसरी तपासणी बोंबलू लागली : नावाची चौकट, म्हणजे चौथी किल्ली, परत आलेली नव्हती. ती परत करणारी ओळ घातली. तर पाचवी फेरी सुधारली आणि सहावी कोसळली. कारण असे की, नाव पुरते तयार होऊन नोंदीत बसल्यावर ते नोंदीच्या मालकीचे होते. नोंद मोडताना ती आपल्या पोटातले सगळे स्वतःच परत करते. मी वरून नावाची चौकट पुन्हा परत करत होतो. किल्ली दोनदा. ॲड्रेससॅनिटायझर नावाचे साधन लावलेले होते म्हणून ते लगेच कळले; नाही तर ही चूक भलत्याच ठिकाणी, भलत्याच दिवशी उगवते. कोणती वस्तू कोणत्या क्षणापासून कोणाच्या मालकीची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर लिहून काढले. ते आधीच लिहायला हवे होते.

आणि ती दुसरी तऱ्हा. एकच मागणी नाकारली तेव्हा त्रुटीचा संदेश नीट यायचा. त्या मागणीपासून पुढच्या सगळ्या नाकारल्या, तेव्हा लायब्ररी मुकाट कोसळायची. शोधल्यावर हसू आले. ‘जागा शिल्लक नाही’ हे वाक्य तयार करण्यासाठी ती आणखी जागा मागत होती. ते वाक्य आता आधीपासून कोरून ठेवलेले आहे.

जागा मागण्यापूर्वीही एक तपासणी लागते. माळेच्या आरंभी लांबी लिहिलेली असते म्हणालो. ती खरी असेल कशावरून? सीबोरमध्ये पहिला बाइट 155 आणि पुढे आठ बाइटांत मोठ्यात मोठी संख्या लिहिली, की नऊ बाइटांची चिठ्ठी म्हणते, माझ्यात अब्जावधी वस्तू आहेत. भोळी लायब्ररी तेवढ्या खोल्या मागायला धावते. त्याहून घातक म्हणजे गुणाकार. सन मायक्रोसिस्टिम्सची एक्सडीआर ही अशीच बायनरी पद्धत 1987 मध्ये आरएफसी 1014 म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिची लायब्ररी अनेक प्रणालींनी जशीच्या तशी उचलली. वस्तूंची संख्या गुणिले एका वस्तूचे आकारमान, एवढी जागा ती मागत असे. 32 बिटांच्या हिशोबात चार बाइटांच्या 1,07,37,41,825 वस्तू आहेत असे सांगितले, तर गुणाकार 4,29,49,67,300 यायला हवा. पण 32 बिटांत 4,29,49,67,296 ला पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते, म्हणून हाती राहतात चार. चार बाइटांची जागा मागितली, ती आनंदाने मिळाली आणि कोट्यवधी वस्तू तिच्यात भरायला सुरुवात झाली. ऑगस्ट 2002 मध्ये सर्ट या संस्थेने याबद्दल इशारा काढला, तेव्हा ही चूक कितीतरी प्रणालींत एकाच वेळी सापडली. म्हणून आमचा खोटा व्यवस्थापक आता आणखी एक वही ठेवतो : सर्वांत मोठी मागणी कितीची झाली. नऊ बाइटांच्या चिठ्ठीसाठी कुणी मेगाबाइट मागितला, की चाचणी नापास. प्रत्येक वस्तूला किमान एक बाइट लागतोच. मग उरलेल्या बाइटांपेक्षा जास्त वस्तूंचा दावा आला तर जागा मागण्याआधीच तो फेटाळता येतो.

देवनागरीसाठी दोन चाचण्या मी मुद्दाम घातल्या, त्या तुमच्यासमोर सांगायला हव्यात. सीबोरमध्ये लांब मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवता येतो. आरंभी 127, शेवटी 255. नियम असा, की एका संकेतांकाचे बाइट दोन तुकड्यांत विभागायचे नाहीत. रोमन लिपीत हा नियम मोडणे अशक्यच, कारण तिथे अक्षर एका बाइटाचे. आपल्याकडे ‘ळ’ चे तीन बाइट दोन आणि एक असे फोडता येतात. तेव्हा मी तसा फोडलेला ‘ळ’ पाठवतो आणि लायब्ररीने तो नाकारलाच पाहिजे. शिवाय प्रत्येक तुकड्याबरोबर जागा वाढवून मागावी लागते. ती वाढ नाकारली गेली तर जुनी जागा अजून आपल्याकडेच असते. पण बहुतेक जण उत्तर आले ते जुन्या किल्लीच्याच खिळ्यावर टांगतात. उत्तर ‘नाही’ असेल तर जुनी किल्लीही हरवते. आमच्याकडे अशा तीन ओळी निघाल्या.

दुसरी चाचणी ‘ऱ’ ची. ‘ऱ्हास’, ‘वऱ्हाड’ यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच संकेतांक, म्हणजे तीन बाइट, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन, म्हणजे सहा. दोन्ही समान मानायचे असा युनिकोडचाच नियम. मजकूर एका रूपातून दुसऱ्यात नेताना लांबी वाढू शकते, तरी जागा आधीच्याच मापाची मागितलेली असते. हिंदी नावांत हा ऱ सहसा येत नाही. मराठी आडनावांत येतो. म्हणजे ही चूक सापडायला चाचणी लिहिणाराही मराठी जाणणारा हवा.

त्या गावाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दुरुस्तीनंतर यंत्र सकाळीच सांगू लागले की यादी पूर्ण उतरलेली नाही. तेव्हा मेमरीची वाटणी बदलली : 16 च्या खोल्या कमी, 64 च्या जास्त. एकूण मेमरी तेवढीच राहिली. यादी देवनागरीतच राहिली. अडकलेले पैसे पुढच्या हिशोबात निघाले. त्या बाईची माझी मात्र पुन्हा गाठ पडली नाही.

शेजारच्या खोलीत मी संगणक लावून ठेवला आहे. तो खोटा व्यवस्थापक त्यावर चालू आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आपले नाव टंकावे, ऱ किंवा ळ असेल तर अधिक चांगले. पाचव्या मागणीला नकार देऊन दाखवतो.